वर्ध्याहून मेक्सिकोला : डॉ. पांडुरंग खानखोजे

थर्ड इयर सुरू झालं की हॉस्टेलवर एक यादी फिरायला लागते. एमएससाठी अप्लाय करायच्या अमेरिकन युनिव्हर्सिटींची. ॲम्बिशस, मॉडरेट आणि सेफ असे तीन रकाने, समोर डेडलाइन आणि फी. ठाणे स्टेशनच्या आसपास जीआरईचे जेवढे क्लास आहेत तेवढ्या या याद्या. त्यात ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन नावं बऱ्याचदा असतात. या दोन्ही ठिकाणी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी वर्ध्याचा एक मराठी मुलगा शिकून गेला आहे. त्याला तिकडे सेटल व्हायचं नव्हतं. इंग्रजांना देशाबाहेर कसं काढायचं हे शिकायला तो गेला होता, आणि शिकून लगेच परत यायचा त्याचा विचार होता. प्रत्यक्षात तो उघडपणे परत आला तेव्हा इंग्रज निघून गेलेले होते आणि तो पासष्ट वर्षांचा म्हातारा झाला होता!

आपल्या भागातून अमेरिकेला शिकायला गेलेल्यांमध्ये पहिलं नाव कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं. त्या १८८३ मध्ये गेल्या, डॉक्टर होऊन १८८६ मध्ये परतल्या, आणि त्यांच्याबद्दल धडे, नाटकं, सिनेमा सगळं झालं. त्या निघाल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १८८४ ला वर्ध्यात पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म झाला. आपल्या हॉस्टेलवर विदर्भातली मुलं कमी नाहीत. पण त्यांच्यातल्या चारपाच जणांना विचारलं तर एकालाच नाव ऐकल्यासारखं वाटलं, आणि तोसुद्धा नागपूरचा होता. मेक्सिकोत मात्र ते चांगलेच माहीत आहेत. ते कसं, ते पुढे येईल.

पांडुरंगाचे वडील अर्जनवीस होते. म्हणजे कचेरीच्या बाहेर बसून लोकांचे सरकारकडचे अर्ज लिहून देणारे. इंग्रज सरकारपुढे सामान्य माणसाची गाऱ्हाणी कुठल्या भाषेत मांडावी लागतात, हे या घरात रोज दिसत असणार. सुरुवातीचं शिक्षण वर्ध्यात आणि पुढचं नागपुरात झालं. हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्य प्रांत आणि वऱ्हाडाने लागोपाठ पाहिले. तेव्हा पांडुरंग बारा ते पंधरा वर्षांचा होता. पुढे या माणसाने बंदूक आणि शेती या दोनच गोष्टींचा ध्यास घेतला, त्याचं मूळ मला तरी या दुष्काळांमध्ये दिसतं. रिकामी पोटं आणि परकं सरकार या दोन गोष्टी त्या वयात एकत्रच बघितल्या असतील तर पुढे त्या वेगळ्या कशा वाटणार?

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि देशातलं वातावरण एकदम बदललं. स्वदेशी, बहिष्कार, सभा, गुप्त मंडळ्या. खानखोजे लोकमान्य टिळकांचे भक्त होते आणि या संबंधामुळेच सरकारची नजर त्यांच्यावर गेली. देशात राहून लष्करी शिक्षण मिळणं अशक्य होतं. हिंदी माणसाला साधी बंदूक बाळगायची तरी परवाना लागायचा. तेव्हा बाहेर जायचं ठरलं. जाण्यापूर्वी ते टिळकांना भेटले आणि टिळकांनी जपानला जायचा सल्ला दिला. १९०५ मध्येच जपानने रशियाला हरवलं होतं. एका आशियाई देशाने युरोपियन सत्तेला लोळवलं, ही त्या वेळची केवढी मोठी बातमी होती याची कल्पना आपल्याला आज येणार नाही.

१९०६ च्या सुमारास खानखोजे निघाले. व्हिसा इंटरव्ह्यू नाही, कारण तेव्हा पासपोर्टची सक्तीसुद्धा आजच्यासारखी नव्हती. पैसे मात्र नव्हतेच. जपानमध्ये जपानी आणि चिनी क्रांतिकारकांशी ओळखी झाल्या, पण तिथे फार काळ न थांबता ते अमेरिकेत पोचले.

ते तिकडे असताना इकडे काय झालं, ते बघू. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना आपल्या ठाण्याच्या जेलमध्ये फाशी दिलं. कान्हेरे तर जेमतेम अठरा वर्षांचे होते, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या मुलांएवढे. खानखोजे मागे राहिले असते तर त्यांचाही शेवट अशाच कुठल्यातरी जेलमध्ये झाला असता असं मानायला हरकत नाही. एकदा बाहेर पडलेल्या माणसाला परत यायची वाटही याच काळात बंद झाली.

अमेरिकेत त्यांनी एकाच वेळी दोन शिक्षणं घेतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सॅन राफाएल गावी माउंट तमाल्पाइस मिलिटरी अकादमी होती, तिथे ते लष्करी शिक्षणासाठी दाखल झाले. आणि दुसरीकडे शेतकीचं शिक्षण. कोर्व्हालिसचं ओरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेज म्हणजे आजचं ओरेगन स्टेट, आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट कॉलेज म्हणजे आजचं वॉशिंग्टन स्टेट. खर्चासाठी मिळेल ते काम करायचं. शेतांवर मजुरी करताना त्यांच्या शेजारी मेक्सिकन मजूर असायचे आणि १९१० मध्ये त्यांच्या देशात क्रांती सुरू झाली होती. जमीनदारांच्या हजारो एकरांच्या वाड्या मोडून शेतकऱ्याला जमीन द्यायची, हा तिथला मुख्य मुद्दा. खानखोजेंना ही माणसं आपलीशी वाटली यात नवल नाही. या ओळखी पुढे फार कामाला आल्या.

आता गदर. शाळेच्या पुस्तकात गदर पार्टी एका परिच्छेदात संपते, आणि ती फक्त पंजाब्यांची होती अशी समजूत होते. पंजाबी बहुसंख्य होते हे खरंच. ओरेगन आणि वॉशिंग्टनमधल्या लाकडाच्या गिरण्यांमध्ये आणि रेल्वेवर हजारो पंजाबी कामगार होते. गोऱ्या कामगारांचा त्यांच्यावर राग होता. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावातून तर जमावाने त्यांना मारहाण करून एका रात्रीत हाकलून दिलं. इंग्रज सरकार आपलं रक्षण करेल या भ्रमातून ही माणसं बाहेर पडली, कारण सरकारने काहीच केलं नाही. उलट सरकारने त्यांच्यावर नजर ठेवायला माणूस नेमला! विल्यम हॉपकिन्सन नावाचा हा अधिकारी व्हँकुव्हरला बसून संपूर्ण किनाऱ्यावरच्या हिंदी विद्यार्थ्यांची आणि कामगारांची माहिती गोळा करायचा. त्याला हिंदी येत असे.

खानखोजे या कामगारांमध्ये मिसळले. पोर्टलंडला पंडित कांशीराम यांच्याबरोबर त्यांनी संघटना बांधायला सुरुवात केली. मग १९१३ मध्ये सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सचिव आणि कांशीराम खजिनदार अशी पॅसिफिक किनाऱ्याची हिंदुस्थानी संघटना उभी राहिली. १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोहून तिचं 'गदर' हे पत्र निघालं, आणि पत्राच्या नावावरून संघटनेचंही नाव पडलं. गदर म्हणजे बंड. खानखोजे तिच्या संस्थापकांपैकी एक. लेखणीची बाजू हरदयाळांकडे आणि लष्करी तयारीची खानखोजेंकडे, अशी साधारण वाटणी होती. मिलिटरी अकादमीत शिकलेला माणूस त्यांच्यात दुसरा कोण असणार?

आणखी एक मराठी नाव इथे सांगायलाच हवं, कारण ते आपल्यातलंच आहे. विष्णु गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेऱ्याचा. हा सिएटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता. महायुद्ध सुरू झाल्यावर तो शिक्षण सोडून परत आला, छावण्यांमधल्या शिपायांना फितवण्याचं काम करू लागला आणि मार्च १९१५ मध्ये मेरठच्या घोडदळाच्या लायनीत बॉम्बसकट पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला त्याला आणि कर्तारसिंग सराभाला फाशी झाली. गदरचा उठाव फेब्रुवारी १९१५ मध्ये व्हायचा होता, पण आत शिरलेल्या खबऱ्यामुळे तो आधीच फुटला होता.

खानखोजे त्या वेळी दुसऱ्या वाटेने भारताकडे येत होते. बेत असा होता की तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये शिरायचं, इंग्रजांच्या सैन्यातून पकडलेल्या हिंदी कैद्यांना आपल्या बाजूला वळवायचं आणि बलुचिस्तानातून कराचीकडे सरकायचं. कागदावर वेडेपणा वाटतो. पण सूफी अंबाप्रसाद, प्रमथनाथ दत्त आणि खानखोजे अशा मूठभर माणसांनी तो खरोखर करून बघितला. कर्मान, शिराज, बामपूर... नकाशा उघडून बघितलं तर कळेल की बामपूरहून कराची काही फार लांब नाही. तिथून त्यांना मागे रेटण्यात आलं. अंबाप्रसाद मारले गेले. खानखोजे इंग्रजांच्या हाती लागले, निसटले, आणि इराणी टोळ्यांबरोबर लढत राहिले. १९१८ मध्ये युद्ध संपलं तरी तिकडची लढाई १९१९ पर्यंत चालू होती. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला हा भाग एखाद्या वेब सिरीजला पुरेल इतका आहे, पण त्याने साध्य काहीच झालं नाही. भारताच्या सरहद्दीच्या इतक्या जवळ येऊन त्यांना उलट दिशेला, युरोपकडे जावं लागलं.

बर्लिनला वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे भाऊ, आणि विवेकानंदांचे धाकटे बंधू भूपेंद्रनाथ दत्त हे होते. यांच्याबरोबर १९२१ मध्ये खानखोजे मॉस्कोला गेले. रशियात क्रांती झालेली, तेव्हा तिथून मदत मिळेल ही आशा. तिथे मानवेंद्रनाथ रॉय यांचा गट आधीच जम बसवून होता, आपापसात वाद झाले आणि मंडळी हात हलवत परतली.

म्हणजे वयाच्या चाळिशीला आलेल्या या माणसाची अवस्था काय होती? भारतात पाऊल ठेवलं तर अटक. जर्मनी युद्ध हरलेली. अमेरिकेत १९१७-१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गदरवाल्यांवर मोठा खटला होऊन शिक्षा झालेल्या, आणि १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये हिंदी माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिलेला. एकामागून एक दारं बंद. राहिला मेक्सिको. तिथे क्रांती संपून नवं सरकार आलं होतं आणि जुने मेक्सिकन ओळखीचे लोक आता सरकारात होते. १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोला पोचले.

इथून बंदूक मागे पडते आणि शेती पुढे येते. मेक्सिको सिटीच्या पूर्वेला तेश्कोकोजवळ चापिंगो आहे. पूर्वी ही एका माजी राष्ट्राध्यक्षाची जमीनदारी होती, क्रांतीनंतर तिथे राष्ट्रीय कृषी विद्यालय आलं. खानखोजे तिथे प्राध्यापक झाले. वर्ध्याचा माणूस मेक्सिकन शेतकऱ्यांच्या मुलांना स्पॅनिशमध्ये शेतकी शिकवतोय, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

मक्यावर त्यांचं मुख्य काम. मका मूळचा मेक्सिकोचाच. तिथला मका म्हणजे आपल्याकडची ज्वारी समजा, भाकरीसारखी तोर्तिया त्याचीच होते. मक्याचा एक रानटी नातेवाईक आहे, तेओसिंते. दिसायला गवतासारखा, कणीस बोटाएवढं, पण चिवट. खानखोजेंनी मका आणि तेओसिंते यांच्या संकराचे प्रयोग केले. थंडी आणि कोरड सोसून जास्त दाणा देणाऱ्या जाती मिळवणं हा हेतू. गव्हावर आणि डाळींवरही त्यांनी काम केलं. पण ज्ञान कॉलेजच्या कंपाउंडमध्ये अडकून राहिलं तर ज्या शेतकऱ्यासाठी क्रांती झाली त्याला काय मिळालं? म्हणून त्यांनी खेड्यांमध्ये मोफत शेतकी शाळा काढल्या. त्यातल्या एका शाळेला शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो झपाटाचं नाव होतं. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. दिवसभर राबणारा शेतकरी बियाणं, खत, रोगराई याबद्दल शिकून जायचा. इंजिनिअरिंग शिकताना आपण ज्याला ॲप्लिकेशन म्हणतो ते हेच असावं, फक्त आपलं बहुतेक वेळा जर्नलमध्येच राहतं.

या शाळांचे आणि मक्याच्या प्रयोगांचे फोटो तीना मोदोत्ती हिने काढले. ही स्वतः इटलीहून आलेली, तिच्या राजकारणामुळे १९३० मध्ये मेक्सिकोतूनही हद्दपार झाली. चित्रकार दिएगो रिवेरा खानखोजेंचा मित्र. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिवेराची प्रचंड चित्रं आहेत. त्यातल्या एका चित्रात टेबलाभोवती सगळ्या वर्णांची साधी माणसं जेवायला बसली आहेत आणि मधोमध बसलेला माणूस भाकरी मोडून वाटतो आहे. तो चेहरा खानखोजेंचा आहे. रिवेराची चित्रं बघायला जगभरातून टूरिस्ट येतात, त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की हा वर्ध्याच्या अर्जनवीसाचा मुलगा!

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. गंमत म्हणजे त्याच १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला आले. सशस्त्र क्रांतीसाठी घर सोडलेल्या माणसाचं गाव अहिंसक लढ्याची राजधानी झालं होतं आणि तो स्वतः दुसऱ्या गोलार्धात मक्याच्या कणसांना पिशव्या बांधत होता. या बदलाबद्दल त्यांना काय वाटलं असेल? आनंद झाला असेल, की आपण ज्या वाटेने गेलो ती वाटच देशाने सोडली याची चुटपूट लागली असेल? दोन्ही झालं असेल असं मला वाटतं.

१९४७ ला स्वातंत्र्य मिळालं. आता तरी रस्ता मोकळा व्हायला हवा होता ना? पण इंग्रजांनी केलेली काळी यादी इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेली नव्हती. ती फायलींमध्ये तशीच होती, आणि तिच्यात खानखोजे हे नाव होतं. ज्या सरकारविरुद्ध लढले ते गेलं, ज्या सरकारसाठी लढले ते आलं, आणि त्या नव्या सरकारच्या कचेरीने जुन्या यादीवर बोट ठेवून आधी परवानगी नाकारली. ऑफिसमध्ये क्लार्कने नियम दाखवून परत पाठवल्याचा अनुभव आपल्या सगळ्यांनाच आहे, पण चाळीस वर्षं वाट बघितलेल्या माणसाला असं सांगायचं म्हणजे कमाल झाली. अखेर ती बंदी उठली. १९४९ मध्ये ते मध्य प्रांताच्या सरकारच्या बोलावण्यावरून शेतीविषयक सल्ल्यासाठी आले, पुन्हा मेक्सिकोला गेले, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यावर कुटुंबासह कायमचे नागपूरला आले.

घरी येणं हेही एक स्थलांतरच होतं. वयाच्या विशीच्या सुरुवातीला सोडलेलं गाव सत्तरीत कसं ओळखू येणार? तोवर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. बायको बेल्जियन, मुली मेक्सिकोत जन्मलेल्या. बरोबरीचे साथीदार फासावर गेलेले किंवा परदेशात मेलेले. चट्टोपाध्याय स्टालिनच्या राजवटीत मॉस्कोत मारले गेले होते. राजकारणात पडायचा खानखोजेंनी प्रयत्न केला, पण नव्या राजकारणात त्यांची ओळख सांगणारे कुणी उरले नव्हते. चापिंगोत ज्या अनुभवाला मान होता, त्याचा इथे म्हणावा तसा उपयोग करून घेतला गेला नाही. याचा राग येतो, आणि तो यायलाच हवा.

त्यांची मुलगी सावित्री सहानी यांनी पुढे त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि मराठीत वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं. 'एक होता कार्व्हर' आपल्यातल्या निम्म्या लोकांनी वाचलेलं असतं. त्याच लेखिकेने आपल्या मातीतल्या या कृषितज्ज्ञावर लिहिलंय, हे मात्र फार कमी जणांना माहीत आहे. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा आहे. २०२२ मध्ये लोकसभेचे तेव्हाचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी त्याचं अनावरण केलं, तेव्हा दोनचार दिवस पेपरात बातमी होती.

एक शेवटची गोष्ट. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं आपल्याकडे पाऊस दगा देऊन गेला आणि अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या बोटींवर देश जगत होता. तेव्हा सरकारने गव्हाचं बुटकं, जास्त उतारा देणारं बियाणं परदेशातून आणायचं ठरवलं. १९६६ मध्ये १८,००० टन बियाणं आलं, आणि ते आलं मेक्सिकोहून. हे संशोधन नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, खानखोजेंचं नव्हे. बोरलॉग मेक्सिकोत १९४४ मध्ये पोचले, त्याच्या वीस वर्षं आधीपासून खानखोजे तिथे शिकवत होते, एवढाच काय तो संबंध. त्या वर्षीच्या हिवाळ्यात हे मेक्सिकन गव्हाचं पीक पंजाबच्या शेतांमध्ये उभं असताना, २२ जानेवारी १९६७ ला पांडुरंग खानखोजे नागपुरात वारले. ते बियाणं कुठून आलंय हे त्यांनी पेपरात नक्की वाचलं असेल.